तिच्या नावाची हजेरी मी दिली

निवडणुकीच्या त्या तीन आठवड्यांत मी तिन्ही उमेदवारांच्या सभांना हजर होते. राजकारणाची हौस म्हणून नाही. आम्हा बायकांना ज्या ठेकेदारानं कारखान्यात कामाला लावलं होतं, तोच सभांना गर्दी पुरवायचा, आणि त्याच्या टेम्पोला पक्ष नव्हता. सोमवारी एका रंगाची उपरणी, गुरुवारी दुसऱ्या रंगाची. सभा संपली की ठेकेदाराची मुकादमबाई ती मोजून परत घ्यायची, कारण पुढच्या गावात ती लागायची.

कारखाना लोणंदहून खंडाळ्याकडे जाताना लागतो. गाड्यांचे पत्र्याचे भाग तिथं बनतात. मी पॅकिंगला होते. नऊ वर्षं काम केलं, पण कागदावर माझी सलग नोकरी कधी वर्षाची झाली नाही. सात-आठ महिने झाले की आम्हाला ‘ब्रेक’ द्यायचे, म्हणजे घरी बसवायचे, आणि मग नवीन भरती केल्यासारखं परत घ्यायचे. सलग दिवस भरले तर कायम करण्याचा प्रश्न निघेल, म्हणून ही सोय. ब्रेकनंतर कुणाला परत बोलवायचं हे मुकादमबाई ठरवायची, आणि ती ठरवायची खाड्यांवरून. जिचे खाडे जास्त, तिला निरोप यायचा नाही. खाड्याला आमच्यातल्या बायका जेवढ्या भ्यायच्या तेवढ्या सासूलाही भ्यायच्या नाहीत.

गेटवर आम्हाला ना कार्ड, ना अंगठा. मुकादमबाईच्या यादीवर आम्ही आत आणि तिच्याच यादीवर बाहेर. सभेच्या दिवशी टेम्पोत बसलेल्यांच्या नावापुढे ती ‘बाहेर काम’ असं लिहायची आणि यादीची एक प्रत गेटवरच्या वॉचमनकडे द्यायची. सभेला गेलो तरी हजेरी लागायची, म्हणून कुणी कुरकुर करत नव्हतं. मीही केली नाही. हे आधीच सांगून टाकते.

तिन्ही उमेदवार पहिल्यांदाच उभे होते. आम्ही त्यांना आपसांत धंद्यावरून ओळखायचो. एक वकील, एक शिक्षणसंस्थेचा अध्यक्ष आणि एक कामगारनेता. त्या गुरुवारी अध्यक्षांची सभा होती. सकाळी गेटबाहेर टेम्पो उभा होता आणि आम्ही चढत होतो. तेवढ्यात आतून सुपरवायझर आला आणि आमच्यातल्या एकीला म्हणाला, “प्रेसवरचा माणूस आला नाही. तू चल.” ती तिशीतली, आमच्यात सगळ्यात चपळ. प्रेस, म्हणजे पत्रा दाबून कापणारं मशीन, चालवायला शिकलेली कंत्राटी बाई तीच एक होती. तिनं मुकादमबाईकडे पाहिलं. मुकादमबाई ठेकेदाराशी फोनवर बोलत होती.

“आक्का,” ती मला म्हणाली, “सभंला न्हाई आली म्हणून खाडा लावत्याल. माजं तेवढं बघा.”

“जा तू,” मी म्हटलं.

पाच मिनिटांनी मुकादमबाईनं टेम्पोच्या फाळक्याशी उभं राहून नावं वाचली. तिचं नाव आलं. मी खाली बघत, आवाज बारीक करून ‘हाय’ म्हटलं. शेजारी बसलेली माझी जोडीदारीण खुदकन हसली. मुकादमबाईनं मान वर केली नाही.

यात मला काही वावगं वाटलं नव्हतं. माझं माहेर कडेगावकडचं. लहानपणी आई रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला जायची. तिथं कुणाचं मूल आजारी असलं, कुणाला दिवस गेलेले असले की शेजारची बाई तिच्या नावाला ओ द्यायची आणि तिच्या वाटणीची खडीही फोडायची. त्याला कुणी खोटेपणा म्हणत नव्हतं. मी ते आईकडूनच उचललं होतं. आईची टोळी दुसरीच्या वाटणीचं कामही करायची, हा फरक मात्र माझ्या ध्यानात आला नाही. मी नुसती ओ दिली.

सभेत अध्यक्ष चांगलं बोलले. कष्टकरी भगिनींच्या हातांवर या तालुक्याचं भविष्य उभं आहे, असं म्हणाले. आम्ही टाळ्या वाजवल्या, कारण मुकादमबाई पुढच्या रांगेतून मागे बघत होती. परत निघताना तिनं उपरणी गोळा केली. त्यातलं एक घडीसुद्धा न मोडलेलं होतं. तिनं ते बघितलं, बाकीच्यांत घातलं आणि गाठोडं बांधलं.

गेटवर उतरलो तेव्हा कळलं की जिच्या नावाला मी ओ दिली, तिचा हात प्रेसखाली गेला.

दुसऱ्या दिवशी तिच्या घरी गेले. गावाच्या कडेला बौद्धवस्तीत दोन खोल्यांचं घर. उजव्या हाताला कोपरापर्यंत पट्टी. मधलं बोट आणि त्याच्या शेजारचं, अशी दोन बोटं अर्ध्यातून गेली होती. तिला ठेकेदाराच्या जीपमधून खाजगी दवाखान्यात नेलं होतं. तिथं ठेकेदाराच्या माणसानं डॉक्टरला सांगितलं की घरी कडबाकुट्टीच्या यंत्रात हात गेला. डॉक्टरनं तसं लिहिलं. त्या घरात शेळीसुद्धा नव्हती.

तिचा नवरा भिवंडीकडे ट्रकवर असतो. घरात तिचे सासरे होते. रेल्वेत गँगमन म्हणून आयुष्य काढलेला सडसडीत म्हातारा. ते कागद वाचून गप्प बसणाऱ्यातले नव्हते. आदल्याच संध्याकाळी ते कंपनीत जाऊन आले होते.

“काय म्हनली कंपनी?” मी विचारलं.

“म्हंत्यात, तुमची सून त्या दिवशी आतच नव्हती. यादी दावली मला. नावाम्होरं ‘बाहेर काम’ लिवलंय. मग हात कंपनीत कसा गेला, असं मलाच इचारत्यात.” त्यांनी चष्मा काढला. “आठ तासाची पाळी कुणी मिळवून दिली, ते आमच्या घरात बारकं पोरबी सांगंल. आन् माजी सून कुठं हुती ते म्या सांगू शकत न्हाई. यादीवर ती बाहीर हाय.”

ती भिंतीला टेकून बसली होती. माझ्याकडे बघत होती की माझ्या मागच्या दाराकडे, ते मला कळलं नाही. अपघात कामावर झाला असं लागलं तर उपचार, भरपाई, पुढे हलकं काम, सगळं हक्कानं मागता येणार होतं. कडबाकुट्टीत झाला असं राहिलं तर काहीच नाही. उलट दोन बोटं कमी असलेली बाई प्रेसला चालत नाही आणि पॅकिंगलाही चालत नाही. सगळं त्या एका ‘हाय’वर अडलं होतं. मी चहा प्यायले आणि निघाले. 

घरी येऊन मी तक्ता करायला घेतला. कॅलेंडरच्या मागच्या पानावर तीन रकाने आखले: वकील, अध्यक्ष, नेता. आडव्या ओळी चार. कंत्राटी कामगारांना कायम करणार का? युनियन करायचा हक्क मानता का? कंपन्यांना हव्या असलेल्या बारा तासांच्या पाळीला तुमची संमती आहे का? आणि शेवटची, अपघात लपवला तर काय करणार? तिन्ही माणसं रोज दारात मत मागत होती, तर एखाद्यानं आपलं वजन वापरून कंपनीला खरं बोलायला लावावं, असा माझा हिशेब होता. त्यामागचं कारणही लिहिते. मी दिलेली ओ दुसऱ्या कुणाच्या तरी वजनाखाली परस्पर मिटावी, असं मला वाटत होतं.

पहिल्या तीन ओळी मी पत्रकांवरून आणि सभांत ऐकलेल्यावरून भरल्या. वकिलाच्या पत्रकात कामगार हा शब्दच नव्हता. उद्योग, रस्ते, गुंतवणूक, एवढंच. अध्यक्षांच्या पत्रकात महिला कामगार होत्या, पण त्यांच्यासाठी बस होती, वसतिगृह होतं, शिलाई मशीन होतं. हक्क म्हणावा असं काही नव्हतं. नेत्याच्या पत्रकात एक अख्खं पान आमचं होतं. कंत्राटी पद्धत बंद, समान कामाला समान पगार, प्रत्येक कारखान्यात युनियन, बारा तासांना कडाडून विरोध. कागदावर त्याला पैकीच्या पैकी.

म्हणून आधी त्याच्याकडे गेलो. ती, तिचे सासरे, मी आणि माझी जोडीदारीण. जोडीदारीण तोंडानं फटकळ आहे. अशा ठिकाणी तिला नेलेलं बरं. नेत्याच्या प्रचार कार्यालयात खुर्च्या मिळाल्या, पाणी मिळालं. त्यानं हात पाहिला आणि उठून उभा राहिला.

“ताई, हीच लढाई मी तीस वर्षं लढतोय. हा तुमच्या एकटीचा हात नाही. हा सगळ्या कष्टकऱ्यांचा हात आहे.”

“सगळ्यांची बोटं शाबूत हायती, साहेब,” जोडीदारीण म्हणाली. “हिचीच दोन गेली.”

मी कामाचं विचारलं. “आमच्या कारखान्यातली युनियन तुमचीच ना?”

“आपलीच.”

“मग प्रेसखात्यात कायम कामगार तिच्या बाजूलाच होते. तुमचे सभासद. त्यातल्या एकानं लिहून द्यावं की ही त्या दिवशी आत होती. एवढं सांगाल त्यांना?”

त्यानं शेजारच्या कार्यकर्त्याकडे पाहिलं. कार्यकर्ता आमच्याच कारखान्यातला होता. त्यानं हळूच नकाराची मान हलवली.

“त्यात थोडी तांत्रिक अडचण आहे,” नेता म्हणाला. “ताई आपल्या सभासद नाहीत.”

“मग करा की!” जोडीदारीण म्हणाली. “गेल्या साली आमी अर्ज मागाय गेलो, तवा तुमचा ह्योच गडी म्हनला, ही कायम लोकांची युनियन हाय, कंत्राटी बायका घेतल्या तर कंपनी आमचा करार लटकावंल. का रं, म्हनला हुतास का न्हाई?”

कार्यकर्ता फ्लेक्सची दोरी सोडवायला बाहेर गेला.

“निवडून आल्यावर पहिलं काम हेच,” नेता म्हणाला.

सासरे उठले. “साहेब, आमच्या रेल्वेत एका गँगमनचा पाय गेला, तवा युनियनचा मानूस रुळावरनं चालत आला हुता. त्याला कुटं निवडून याचं नव्हतं.”

घरी येऊन मी नेत्याच्या रकान्यात चौथ्या ओळीत फुली मारली. वरच्या तीन ओळींतली बरोबरची खूण खोडू की नको, यावर माझं बराच वेळ ठरेना. शेवटी ठेवली. बोलणं तर त्याचं बरोबरच होतं.

अध्यक्ष आपणहून आले. त्यांची पदयात्रा वस्तीतून गेली, आणि कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं असावं. तिच्या दारात ओवाळून घेतल्यावर ते आत आले, जमिनीवरच बसले, तिच्या मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला. खोटं कशाला सांगू, मला ते माणूस म्हणून बरे वाटले.

“पोरी,” ते म्हणाले, “माझ्या शाळेत शिपायाची जागा करतो. निवडणूक झाली की ये. बसून काम, सावलीत काम. पण हे कागदाचं वाढवू नका. कंपनी उद्या कंटाळून दुसऱ्या जिल्ह्यात गेली, तर तुमच्याच दोनशे बायका घरी बसतील.”

 ही खरी जागा होती, आणि ते देणारे होते, यात मला शंका नव्हती. तिची सासू वारलेली, नवरा महिना महिना बाहेर. तिनं हो म्हटलं असतं तर मी तिला दोष दिला नसता. उलट मी सुटले असते. मी मनातून तिनं हो म्हणावं याची वाट पाहत होते.

“आन् ह्ये?” तिनं पट्टीचा हात थोडा वर केला. “ह्ये कडबाकुट्टीतच गेलं म्हनायचं?”

“जे झालं ते देवाच्या मनात होतं.”

“देव न्हवता वो तिथं,” ती म्हणाली. “सुपरवायझर हुता.”

बाहेर ताशा थांबला होता. कार्यकर्ते घड्याळं बघत होते. अध्यक्ष उठले, हात जोडले आणि जाताना माझ्याकडे वळून म्हणाले, “तुम्ही मोठ्या आहात. समजावा जरा.” मला त्याचा भयंकर संताप आला. दुखावलेल्या माणसाला समजवायचं, आणि ज्यानं दुखावलं त्याला पुष्पगुच्छ. त्याच आठवड्यात आमच्या कंपनीचा मॅनेजर त्यांच्या व्यासपीठावर बसलेला मी स्वतः पाहिला होता, कारण मी समोर टाळ्या वाजवायला होते. नोकरी ते स्वतःच्या शाळेत देत होते आणि त्यातून कंपनीची सुटका करत होते. हक्काचं होतं ते काढून घ्यायचं आणि त्याच हातानं दान द्यायचं, वर त्याचे आभारही आम्हीच मानायचे.

वकिलाकडे जायला कुणीच तयार नव्हतं. “त्यो तर कंपन्यांचाच वकील हाय,” जोडीदारीण म्हणाली. पण तक्त्यातला रकाना रिकामा होता, आणि अर्धवट सोडलेलं काम मला चालत नाही. त्याची कोपरासभा संपल्यावर आम्ही त्याच्या गाडीपाशी उभे राहिलो. त्यानं हात पाहिला, चेहऱ्यावर काही दिसलं नाही.

“मी कंपन्यांच्याच बाजूनं उभा राहतो, हे तुम्हाला माहीत असेल,” तो म्हणाला. “बारा तासांच्या पाळीला माझा विरोध नाही. युनियन आली की उद्योग बिचकतो, असं माझं मत आहे. मतासाठी मी ते बदलणार नाही.”

“मत न्हाई मागत आमी,” सासरे म्हणाले. “एक इचारतो. यादी म्हंती ती बाहीर हुती. हात म्हंतो आत हुती. कंपनी यादी धरून बसली. ती यादी मोडायची कशी?”

वकिलानं क्षणभर विचार केला. धंद्यातला प्रश्न आल्यावर त्याला बोलल्याशिवाय राहवेना, एवढंच ते होतं. “सोपं आहे. टेम्पोत हजेरी झाली असेल. ही तिथं नव्हती, तर हिच्या नावाला दुसऱ्या कुणीतरी ओ दिली. त्या बाईनं तसं लिहून द्यायचं. मग यादीचा कागद राहतो, किंमत राहत नाही. पण ती बाई देणार नाही. तिलाही तिथंच काम करायचंय. कंपनी त्याच भरवशावर निवांत आहे.”

तो गाडीत बसून गेला.  ज्या माणसाच्या पत्रकात आम्ही कुठं नव्हतो, त्यानं दोन मिनिटांत माझ्यावर बोट ठेवलं होतं, आणि माझं नावही त्याला माहीत नव्हतं. जोडीदारीण खाली बघत होती. त्या दिवशी हसली होती ती आज हसत नव्हती.

रस्त्याला लागल्यावर मी सांगितलं. “तुझ्या नावाला मी ओ दिली.”

“मला म्हाईत हाय, आक्का,” ती म्हणाली. “मीच सांगितलं हुतं न्हवं तुमाला, माजं बघा म्हणून.”

“मग इतके दिवस बोलली का नाहीस?”

“तुमी म्हनशिला म्हणून थांबले.”

एवढंच. ती पुढं चालायला लागली. मला कुणी तोंडावर शिवी दिली असती तरी चाललं असतं. तिन्ही उमेदवारांपुढे ती माझ्यादेखत आली होती, दुखरा हात घेऊन, आणि उत्तर सगळा वेळ माझ्याच तोंडात होतं. दुसऱ्यांची भूमिका काय म्हणून रकाने आखत बसले. त्यात माझा रकाना नव्हता.

“लिवून देनार का?” सासऱ्यांनी विचारलं.

“देते.”

बातमी आमच्या आधी पोचली. दुसऱ्या दिवशी सकाळी मुकादमबाई माझ्या दारात. ती वाईट बाई नाही. विधवा, दोन मुलांना तिनं एकटीनं शिकवलंय, आणि ठेकेदार तिच्याकडूनही फुकट राबवून घेतो. पण त्या दिवशी ती ठेकेदाराचं तोंड घेऊन आली होती.

“आवं, कशाला पेटवून घेताय? खोटी हजेरी दिली म्हणून तुमच्यावरच केस हुईल.”

“होऊ दे.”

“यादीत नाव राहनार न्हाई तुमचं. ठेकेदार म्हनलाय, जी सही करंल ती घरी.”

“बाई,” मी म्हटलं, “तुमी उपरणी मोजून दिली हुती. तीस. परत आली त्यातलं एक घडीचंच हुतं. तुमी ते हातात घेऊन बघितलंत. तवाच कळलं हुतं तुमाला, एक डोकं कमी हाय ते. खोटी हजेरी मी दिली खरी, पण ती लिवली कुणी?”

ती पायरीवर बसली. पाणी मागितलं. प्यायली आणि म्हणाली, “मला न्हाई जमायचं सही कराय.” मी म्हटलं, “मी मागितलीच नाही.” मग ती गेली.

इतर बायकांना मी एकेकीला विचारलं. टेम्पोत होत्या त्या सगळ्यांना. जोडीदारणीला धरून चौघींनी सही केली. बाकीच्या नाही म्हणाल्या. एकीनं दार उघडलं नाही. एक रडली. मी कुणाला काही बोलले नाही; आठवड्यापूर्वी मीही चहा पिऊन निघाले होते.

साताऱ्याच्या कामगार कार्यालयात गेलो तर अर्ध्या खुर्च्या रिकाम्या. साहेब निवडणुकीच्या ड्युटीवर. निकाल लागल्यावर या, असं सांगितलं. कामगारांचं काय करणार हे सांगत तिन्ही उमेदवार गावोगाव फिरत होते, त्यामुळे कामगारांचं काम बंद होतं. मी अर्ज आवकमध्ये देऊन शिक्का मारून घेतला आणि परतीच्या एसटीत तक्ता काढून बघितला. चार ओळी भरल्या होत्या. ज्याचं बोलणं सगळ्यात बरोबर, त्याची माणसं साक्षीला आली नाहीत. ज्याचं मन मऊ, त्यानं गप्प बसायची किंमत म्हणून नोकरी दिली. ज्याला आमचे हक्क मान्यच नव्हते, तो तेवढा सरळ बोलला, आणि तेही आमच्यासाठी नव्हे. यातून माणूस निवडायचा होता. मतदानाला गेले, निवडला. कुणाला ते सांगत नाही. अभिमान वाटावा असं त्यात काही नव्हतं.

निकाल लागला, गुलाल उडाला. पंधरा-वीस दिवसांनी सुनावणीचं पत्र आलं. कंपनीकडून एक तरुण अधिकारी आला होता, इस्त्रीचा शर्ट, बोलायला नम्र.

“मॅडम,” तो मला म्हणाला, “त्या दिवशी आपण खोटं बोललात हे आपणच मान्य करताय. मग आज खरं बोलताय कशावरून?”

“त्या दिवशी खोटं बोलून माझा काही फायदा नव्हता. आज खरं बोलून माझं काम जाणार आहे. मी फायद्यासाठी बोलते असं तुम्हाला वाटतं, तर यातला फायदा कुठला ते सांगा.”

कामगार अधिकारी वयस्कर होते. त्यांनी मान न उचलता लिहून घेतलं. मग तिला विचारलं, हात नेमका कसा गेला. तिनं सांगितलं. प्रेसच्या पुढे हात आत जाऊ नये म्हणून लोखंडी जाळी असते. जाळी असली की तुकडे हळू निघतात, म्हणून सुपरवायझरनं त्याच सकाळी ती काढून कोपऱ्यात ठेवायला लावली होती. कोपऱ्यात कुठं, हेही तिनं सांगितलं: हवेच्या टाकीमागं, गोणपाटाखाली. जी बाई त्या दिवशी आत नव्हती, तिला हे माहीत असायचं कारण नव्हतं. अधिकाऱ्यांनी पेन थांबवलं आणि कंपनीच्या माणसाकडे बघितलं. तो म्हणाला, “मी चौकशी करून सांगतो.” पुढच्या तारखेला त्यानं वेगळंच सांगितलं: कंपनी नोंद दुरुस्त करायला तयार आहे.

अपघात कामावर असताना झाला, असं लागलं. भरपाईचा अर्ज पुढे गेला. तो अजून फिरतोय. ठेकेदारानं शब्द पाळला. ब्रेकनंतर आम्हा पाचजणींना निरोप आला नाही. मी आता लोणंदला एका मेसमध्ये सकाळच्या पोळ्या करते. आमच्या कारखान्यातल्या युनियननं अजून कंत्राटी बाई सभासद केलेली नाही. आम्ही अर्ज मात्र दर महिन्याला देतो, पोच घेऊन. गेल्या महिन्यात अकरा दिले. त्यातले तीन त्या वेळी सही न करणाऱ्यांचे होते.

पण त्या शेवटच्या सुनावणीचं राहिलं. अधिकाऱ्यांनी आदेश वाचून दाखवला. कंपनीच्या माणसानं सही केली आणि कागद बॅगेत भरायला लागला. तिनं आपली प्रत घेतली, दोनदा वाचली आणि त्याला विचारलं, “साहेब, प्रेसवर आता कोण बसतं?”

“दुसरी एक बाई घेतली आहे.”

“जाळी बसवली का?”

त्यानं बॅगेची साखळी ओढली. “ते प्रॉडक्शनकडे असतं. मला कल्पना नाही.”

जेवणाची वेळ झाली होती. शिपाई खिडक्या लावत होता. सासरे पिशवी उचलून दाराकडे निघाले होते. ती मात्र परत खुर्चीवर बसली आणि अधिकाऱ्यांना म्हणाली, “साहेब, आनिक एक अर्ज द्याचा हाय.”

“आता? दुपारनंतर या.”

“तवर दुपारची पाळी सुरू झाली आसंल,” ती म्हणाली.

अधिकाऱ्यांनी तिच्याकडे बघितलं, मग शिपायाला कोरा कागद द्यायला सांगितलं. कागद तिनं डाव्या हातानं माझ्यापुढे सरकवला. उजव्या हातानं तिला अजून लिहिता येत नव्हतं.

“लिवा, आक्का,” ती म्हणाली. “मशीन चालू हाय.”